वालाला कुंपण

मासे सोडल्याचं मी घरात सांगितलं, तेव्हा आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग ती म्हणाली, "कोनी काय बोललं काय तुला?"

मी सांगितलं, कंपनीच्या तपासणीत युरिक ॲसिड वाढलेलं आलंय, डॉक्टरांनी सुकट, सोडे, कोलंबी बंद करायला सांगितलंय.

"मग कोलंबी बंद कर. जिताड्याने तुझं काय घोडं मारलंय?"

खरं सांगायचं तर जिताडा यादीत मीच घातला होता. डॉक्टरांनी दोन-चार गोष्टी बंद करायला सांगितल्या होत्या, बाकीच्या मी स्वतःहून केल्या. मी रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे नमुने तपासायचे, यात काय आहे, किती आहे, ते लिहायचं. रिपोर्ट हातात आला त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या पोटात रोज काय जातं ते आपण कधी तपासलंच नाही. मग वाचत गेले, बघत गेले, आणि कोलंबीपासून सुरू झालेलं कोंबडीपर्यंत गेलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, आणि ते मी कुणी न विचारताही सांगते. विचार करून ठरवायची सवय मला कॉलेजने लावली. ती ताटापाशी आल्यावर सोडून द्यायची काय?

आईचं म्हणणं वेगळं होतं. "मासे न खानारी सून खाडीकाठाला कोन करील गो?"

तर ते असो. खरी कटकट पुढे सुरू झाली. मासे सोडले तर खायचं काय? कॉलेजमध्ये प्रथिनं शिकले होते, त्यामुळे मी सोयाबीनच्या वड्या आणल्या, राजमा आणला, पनीर आणलं. महिनाभर खाल्लं. एकदा दुपारी लॅबमध्ये डबा उघडला आणि सहज वड्यांचं पाकीट आठवलं. मागे लिहिलं होतं, इंदूर. राजमा कुठला तर म्हणे काश्मीरचा. पनीर कुठलं ते पाकिटावर वाचताच आलं नाही, अक्षर इतकं बारीक. डब्यात फ्लॉवर होता, तो पेणच्या बाजारातून आणलेला, आणि पेणच्या बाजारात तो वाशीहून टेम्पोने आलेला. माझ्या डब्यात आमच्या गावचा, गडबचा म्हणावा असा फक्त भात होता.

हे मी घरी येऊन बाबांना सांगितलं. म्हटलं, बघा, चारी बाजूंना शेतं आणि आपण मेथीची जुडी वाशीची खातो. बाबा चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "आनि चहा? चहा कुठं पिकतो आपल्या बांधाला?"

आमच्या घरात गंभीर बोलणं हे असं संपतं.

पण मला तेव्हाच सुचलं. वाल. आमच्याकडे भात कापला की त्याच शेतात, जमिनीत ओल असताना वाल टाकायची पद्धत आहे. त्याला पाणी द्यावं लागत नाही, थंडीतल्या दवावर तो येतो. कडू असतो, पण मोड आणून सोलला की त्याचं बिरडं होतं, आणि त्याच्यात प्रथिनं भरपूर. म्हणजे मी इंदूरहून जे मागवत होते ते आमच्या शेतात पाण्याशिवाय उगवत होतं. आणि आम्ही गेली काही वर्षं वाल टाकणंच सोडलं होतं. बाबांचे गुडघे गेले, भावाला ट्रान्सपोर्टचं काम लागलं. पावसाळ्यात कसाबसा भात निघायचा आणि मग शेत रिकामं पडायचं, त्यात गुरं फिरायची.

नेमकं त्याच वेळी भावाच्या डोक्यात त्या शेताचं दुसरंच काहीतरी होतं. आमचं शेत हायवेला लागून आहे. रस्ता रुंद झाल्यापासून दोन्ही बाजूंच्या शेतांवर मुरूम पडतोय आणि मुरमावर ट्रेलर उभे राहतायत. भावाच्या ओळखीचा पनवेलचा एक शेठ होता, त्याला गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. भाऊ म्हणाला, "ताई, शेतात काय ठेवलंय? दर महिन्याला बसल्या जागी भाडं."

त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्यालाही माहीत होती आणि मलाही. एकदा मुरमाचा भराव पडला की ती जमीन परत शेत होत नाही. खालची माती दबते ती दबतेच. बाकीचं काही झालं तर उलटवता येतं, हे नाही.

मी बाबांना म्हटलं, मला शेत द्या. वाल लावते, कडेने मुळा, माठ, चवळी लावते, रोह्याला विकते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं. "शिमग्यापर्यंत घे," ते म्हणाले. "शिमग्याला बघू काय करायचं त्या जागेचं."

म्हणजे एक हंगाम. एवढ्यात शेतीने स्वतःला सिद्ध करून दाखवायचं. ट्रेलरला कुणी सिद्ध व्हायला सांगितलं नव्हतं.

वाल टाकला. मी सकाळी शिफ्टला जायच्या आधी शेतात, संध्याकाळी आल्यावर शेतात. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावाच्या पुलापर्यंत स्कूटर घेऊन येईन, तिथून न्या, असं लॅबमधल्या लोकांना सांगून ठेवलं. फोनवर ग्रुप काढला. गावचं, ताजं, औषध न मारलेलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. आमच्या सीनियर मॅडमनी विचारलं, "ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट आहे का?" मी म्हटलं, मॅडम, आमच्या वालाला आजपर्यंत कुणी औषध मारलेलंच नाही, कारण कुणाला परवडलेलं नाही. त्यांना हे सर्टिफिकेट वाटलं नाही. स्टोअरमधल्या साहेबांनी विचारलं, वाल कमी कडू मिळेल का? पॅकिंगमधली एक ताई म्हणाली, सोलून दिला तर बघते. वाल सोलणं म्हणजे काय असतं हे ज्याने सोललाय त्यालाच माहीत, बोटं सुजतात. मी म्हटलं, शेंगा घ्या. ओल्या शेंगा आधी घ्या, सुका वाल नंतर बघू.

थंडी पडली आणि शेंगा भरायला लागल्या. एका सकाळी बघते तर पायवाटेकडची रांग साफ. झाडं होती, शेंगा नव्हत्या. मला वाटलं, गुरं शिरली. पण गुरं झाडासकट खातात, शेंगा वेचून नेत नाहीत.

चहाच्या टपरीवर खुलासा झाला. गावातलाच एक जण, शेजारच्या आळीतला, मला बघून मोठ्याने म्हणाला, "ताई, तुमचा वाल यंदा झक्कास हाय हां! काल पोपटीला नेला. एकदम भरलेला दाना!"

तो चोरी कबूल करत नव्हता. माझं कौतुक करत होता.

पोपटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. थंडीत आमच्याकडे मडक्यात भांबुर्डीचा पाला पसरतात, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी, मसाला लावलेली कोंबडी, परत पाला ठासून भरतात. मडकं शेतात उलटं ठेवून वरून पेंढा आणि लाकडं पेटवतात. पाण्याचा थेंब नाही. आणि पोपटीच्या शेंगा ज्याच्या शेतात चांगल्या असतील त्याच्या शेतातून काढायच्या, असा आमच्या गावचा कारभार आहे. पोपटीला नेलेली शेंग चोरली असं कुणी धरत नाही. लहानपणी मीही नेल्यात, पण तेव्हा त्या शेंगांवर शेत टिकणार की नाही हे ठरणार नव्हतं.

मी टपरीवरच म्हटलं, "विचारायचं तरी."

"इचारायचं?" तो खरोखर गोंधळला. "पोपटीला?"

त्याच शनिवारी मी पेणला गेले. हिरवी जाळी आणली, बांबू आणले. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवणारा एक कॉलेजमधला ओळखीचा होता, त्याच्याकडून पत्र्यावर बोर्ड रंगवून घेतला: "सेंद्रिय शेती. शेंगा तोडू नयेत." अक्षर त्याचं सुंदर, आणि हौसेने कोपऱ्यात एक हिरवी शेंग काढून दिली, तिला छान सावलीसुद्धा दिली. जाळी लावली, बोर्ड लावला. रविवारचा दिवस त्यात गेला.

आई बांधावर उभी राहून बघत होती. "वालाला कुंपन? आता हिरीला कुलूप लाव."

"आई, लोक नेतात."

"लोक नेनारच. त्यांच्या शेतातनं आपन नेतो."

"आपण गेली कित्येक वर्षं काय नेलंय? मी तर पोपटी खातही नाही!"

"तो तुझा प्रश्न हाय," आई म्हणाली आणि घरात गेली.

मला आजही वाटतं, माझं काही चुकलं नव्हतं. माल विकायचा तर माल शेतात असायला हवा. यात कॉलेजचं काही नाही, हे कुणालाही कळेल. पण मला जे कळायला हवं होतं ते दुसरंच होतं, आणि ते पुढच्या शनिवारी कळलं.

वालाच्या शेंगा तोडणं एकट्या-दुकट्याचं काम नाही. शेंगा एकदम भरतात आणि लगेच काढाव्या लागतात, नाहीतर जून होतात. आमच्याकडे बायका एकमेकींच्या शेतात जातात. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. पुलावर रविवारी माल पोचवायचा होता, म्हणून मी शेजारच्या काकूकडे गेले. ही काकू माझ्या लहानपणापासून आमच्या शेतात पहिली येणारी. ओटीवर तांदूळ निवडत बसली होती.

"काकू, उद्या सकाळी येशील ना? सगळ्यांना घेऊन ये."

तिने मान वर केली नाही. "कशाला गो?"

"शेंगा तोडायला."

"नाय बा. आमी कशा तोडनार?" सूप झटकत ती म्हणाली. "बोर्ड लावलायस ना तू. शेंगा तोडू नयेत."

आतून तिची सून हसली. मी म्हटलं, "काकू, ते तुमच्यासाठी नाही."

"मग कोनासाठी? या गावात आमच्याबिगर कोन ऱ्हातं?"

बारावीच्या परीक्षेत, बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत, कंपनीच्या इंटरव्ह्यूमध्ये मी पास झाले होते. काकूच्या ओटीवर नापास झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी आणि आई, दोघी. बाबा बांधावर बसून टोपल्या धरायला. सांगितलेल्याच्या निम्म्यासुद्धा शेंगा निघाल्या नाहीत. मी आहेत तेवढ्या शेंगा स्कूटरवर बांधल्या आणि रोह्याला गेले. अष्टमीच्या पुलाशी लोक गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून पिशवी घेतली. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनी ग्रुपवर रडके चेहरे टाकले. सीनियर मॅडमनी तिथेच पिशवी उघडून बघितली.

"अगं, हिच्यात अळी आहे."

"मॅडम, औषध मारलेलं नाही ना. म्हणून."

"हो, ते बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या, "पण अळी नको ना."

मी येताना सगळा रस्ता हेल्मेटमध्ये एकटी बोलत आले. औषध नको, अळीही नको, कडू नको, सोलून हवं. गावाला शेंग फुकट हवी, काकूला मान हवा, भावाला मुरूम हवा. शिमगा जवळ येत होता आणि माझ्याकडे दाखवायला काय होतं? रिकाम्या टोपल्या आणि सावली दिलेली एक शेंग.

घराजवळ आले तर शेतात धूर.

ऊन उतरलं होतं. पायवाटेच्या बाजूची माझी जाळी नीट गुंडाळून बांबूला बांधून ठेवलेली. आत भाऊ, त्याचे दोन मित्र, बाबा, आणि एक गोरेसे, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ, ज्यांना बसायला भावाने माझा बोर्ड दिला होता. पनवेलचे शेठ. जागा बघायला आले होते. आणि पाहुणा थंडीत शेतावर आला म्हणजे काय करणार? पोपटी. मधली रांग, जी मी बियाण्यासाठी राखून ठेवली होती, ती पार ओरबाडलेली.

मी स्कूटर स्टँडवरसुद्धा नीट लावली नाही.

"बियाण्याची रांग होती ती!"

"ताई, हळू," भाऊ म्हणाला. "पाहुणे आहेत."

"पाहुण्यांना माझ्याच शेंगा घालून माझंच शेत दाखवतोस? लाज नाही वाटत?"

"तुझ्या नाही तर कोणाच्या घालू? गावात दुसऱ्या कोणाच्या यंदा चांगल्या आहेत काय?"

हेही परत कौतुकच होतं. या लोकांशी भांडावं तरी कसं!

बाबा काठीने विस्तव सारत होते. मडक्यावर त्यांनी पाण्याचे दोन शिंतोडे मारले, चर्र झालं. झालं म्हणाले. मोठं मडकं बाजूला घेतलं आणि मग राखेतून आणखी एक काढलं, लहान, दह्याचं असतं तेवढं. ते त्यांनी काठीने माझ्या बाजूला सारलं.

"तुझं येगळं लावलंय. कोंबडी नाय, अंडा नाय. नुसत्या शेंगा."

माझ्या तोंडात अजून पुढची वाक्यं तयार होती. मी खाली बसले.

मोठं मडकं फुटलं, पाला काढला, वास सुटला. भावाने पहिली तंगडी शेठना पुढे केली. शेठ अवघडले. हात जोडून म्हणाले, "माफ करा हां, मी नॉनव्हेज घेत नाही."

तंगडी भावाच्या हातातच राहिली. मग भावाचा मित्र म्हणाला, "मग बसा ताईच्या मडक्यावर! जोडी जमली!"

आणि खरंच, त्या अख्ख्या शेतात माझ्यासारखं खाणारा एकच माणूस होता, आणि तो ते शेत मुरमाखाली घालायला आला होता. आम्ही दोघं एका केळीच्या पानावर शेंगा सोलत बसलो. शेठना आवडल्या. मनापासून आवडल्या, कारण ते बोलायचे थांबले. "पाणी न घालता शिजलं हे?" त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं, शेतालाही पाणी घालत नाही. ते म्हणाले, कमाल आहे. अर्धं मडकं त्यांनीच संपवलं. मग रुमालाला हात पुसून बाबांना म्हणाले, "जागा मस्त आहे, काका. शिमगा झाला की मुरूम टाकून घेऊ. गाड्या लगेच लागतील."

बाबा हाड चोखत होते. ते बाजूला ठेवलं. "नाय जमनार," म्हणाले.

भाऊ उठून उभा राहिला. "बाबा, आपलं बोलणं झालं होतं."

"झालं व्हतं. पन मग पोपटी कुठं लावायची?"

"पोपटी काय, अंगणात पण लावता येते!"

"अंगनात लावशील. आनि वाल?" बाबांनी मडक्याच्या खापऱ्यांकडे हात केला. "वाल काय वाशीवरनं आननार हायस?"

मी तोंडात घातलेली शेंग चावायची विसरले. सहा महिने मी हेच सांगत होते. प्रथिनं सांगितली, इंदूर सांगितलं, टेम्पो सांगितला, पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. एवढं सगळं ऐकून हा माणूस बशीतला चहा प्यायचा. आणि आता हाड बाजूला ठेवून, माझंच वाक्य, जसं काही आत्ताच त्याला सुचलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, हे मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"मग बराबर सांगितलंस," बाबा म्हणाले आणि परत हाड उचललं.

शेठ समंजस होते. घाई नाही, विचार करा म्हणाले, आणि जाताना भावाला बाजूला घेऊन विचारलं, ताईंकडे अजून शेंगा मिळतील का, घरी न्यायला. भाऊ त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलला, तेही ओरडूनच, पण बोलला. शेठना जागा पुढे कुठेतरी मिळाली, रस्त्याच्या पलीकडे. तिथे आता ट्रेलर उभे असतात, रोज सकाळी स्कूटर काढताना मला दिसतात. तिथलं शेत चांगलं होतं.

आमचं राहिलं. बाबांनी एक अट घातली: जाळी काढायची. मी म्हटलं, जाळी काढली तर गाव शेंगा नेईल. बाबा म्हणाले, नेऊ दे, पायवाटेकडची रांग तेवढ्यासाठीच टाकायची असते, बियान्याची रांग पार पलीकडच्या बांधाला ठेवतात, तुला कोनी सांगितलं ती मधी ठेव म्हनून? मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं. मी त्याच रात्री जाळी काढली. सोमवारी शिफ्टवरून आले तर काकू सुनेला घेऊन शेतात हजर, उरलेल्या शेंगा निम्म्या तोडून झालेल्या. न बोलावता. माझ्याकडे बघून म्हणाली, "बोर्ड कुठं गेला गो? वाचायला काय तरी पायजे व्हतं."

बोर्ड पडवीत आहे. आई त्यावर वाल वाळत घालते, शेंगेचं चित्र वर करून.

आता मला कुणी विचारलं, तू पूर्ण शाकाहारी काय, तर मला चिडायला होतं. मला माहीत नाही. बिरडं खाते, घरचा भात खाते, मुळा-माठ खाते, आणि जिताड्याचं कालवण असलं की आई ते मुद्दाम माझ्या ताटाजवळ ठेवते आणि मी ते उचलून बाबांच्या ताटाजवळ ठेवते. कधीतरी नाही ठेवणार कदाचित. तो खाडीतला आहे, इंदूरचा नाही. पण ते मी ठरवीन, विचार करून. एवढं कळतं की ज्या शेतातून मी खाते ते माझ्या अभ्यासावर वाचलेलं नाही. पोपटीतल्या कोंबडीवर वाचलंय. आणि हे मला रोज गिळावं लागतं, बिरड्याबरोबर.

यंदा पायवाटेकडे दोन रांगा टाकल्यात.